‘आत्ता ऐकलंस?’

पत्र नाशिकहून आलं आहे. लिहिणारीचं वय ३८, नोकरी बँकेत, घरी नवरा, सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. ओळख पटेल असे तपशील गाळून पत्राचा गाभा तिच्याच शब्दांत देते:

“ताई, दिवाळीच्या आवराआवरीत दिवाणातून एक पेन ड्राइव्ह निघाला. २०११ साली मावसभावाने दिलेला. तेव्हा दादा गाण्यांच्या बाबतीत भारी शिष्ट होता. ‘तुला नाही कळायचं, पण ठेव,’ असं म्हणून दिला, म्हणून मी मुद्दामच ऐकला नाही. त्यात सात फोल्डर आहेत. पहिल्यात निक ड्रेक नावाच्या इंग्रज गायकाचा ‘पिंक मून’ हा अल्बम. मेथी निवडता निवडता लावला आणि जुडी तशीच राहिली. महिनाभर रोज ऐकतेय. पण आनंदापेक्षा चुटपुट जास्त. चौदा वर्षं हे घरात पडून होतं! माझं नेहमी असंच होतं. ऑफिसातली मुलं ज्याच्याबद्दल बोलतात ते मला तीन वर्षांनी आवडतं, तोवर त्यांचं बोलून झालेलं असतं. म्हणून ‘ऐकायचे राहिलेले’ अशी एक्सेलमध्ये यादी केली. ३४० अल्बम झालेत. ती उघडली की पोटात गोळा येतो. दादा हल्ली कॅनडात, फारसं बोलणं नाही. त्याला सांगावंसं वाटतं, पण तो म्हणेल, ‘आत्ता ऐकलंस?’ वेळेवर ऐकायची सवय कशी लावू?”

मैत्रिणी,

‘ताई’ म्हणालीस, म्हणून थेट अगं-तुगंवर येते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि एक उगाचचा हिशेब केला. मूळ पत्र पावणेदोन पानांचं आहे. त्यात ‘पिंक मून’ तुला कसा वाटला यावर अडीच ओळी, त्यासुद्धा मेथी धरून. बाकी सगळं दादा काय म्हणेल, ऑफिसातली मुलं केव्हाच पुढे कशी गेली आणि यादी किती लांबली यावर. मला खरं तर त्या मेथीबद्दल आणखी ऐकायचं होतं. कुठल्या गाण्याला हात थांबला?

आता दुसरा हिशेब. हा अल्बम निघाला १९७२ च्या फेब्रुवारीत. दादाने तुला दिला २०११ साली. म्हणजे तुझे शिष्ट बंधुराज स्वतः ३९ वर्षं उशिरा पोहोचले होते. ज्याची गाडी ३९ वर्षं लेट, त्याने पुढच्या चौदा वर्षांसाठी तुला बोलायचं म्हणजे स्टेशनवर तासभर उशिरा येऊन नंतर येणाऱ्याला घड्याळ दाखवण्यासारखं आहे.

मग वेळेवर कोण पोहोचलं होतं? या अल्बमपुरतं सांगायचं तर जवळजवळ कुणीच नाही. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका स्टुडिओत दोन रात्रींत निक ड्रेकने हे सगळं ध्वनिमुद्रित केलं. तो, त्याची गिटार आणि समोर ध्वनिमुद्रक जॉन वुड. पहिल्या गाण्यात मध्येच पियानोचे चार सूर येतात, तेवढीच काय ती भर. अकरा गाणी, २८ मिनिटं. मंचावर गायला तो कचरायचा, मुलाखतींच्या वाटेला जायचा नाही, आणि तबकडी खपली ती अगदी मोजकी. १९७४ च्या नोव्हेंबरात तो गेला. वय २६. पुढे १९९९ च्या सुमाराला एका मोटारीच्या जाहिरातीत हे शीर्षकगीत वाजलं, तेव्हा कुठे लोक ‘हा कोण?’ म्हणून विचारायला लागले आणि अल्बम खपू लागला. आज ‘पिंक मून’वर जीव टाकणाऱ्यांत जवळपास सगळेच उशिरा आलेले आहेत. तू त्या रांगेत शेवटची नाहीस आणि ती रांग अजून संपलेलीही नाही.

माझंही एक सांगते, म्हणजे बरोबरीत येऊ. मी कॉलेजात असताना मामाने एक कॅसेट दिली होती. कव्हर हरवलेलं, वरच्या चिठ्ठीवर त्याच्या वळणदार अक्षरात ‘संतूर + बासरी’ एवढंच. सैल पडलेली फीत मी पेन्सिल घालून गुंडाळायची आणि अभ्यासाला बसताना मागे लावून ठेवायची. हॉटेलात वाजतं तसलं काहीतरी, असं माझं मत. ते ‘कॉल ऑफ द व्हॅली’ होतं, हे मला कळलं चाळिशी ओलांडल्यावर, एका ओळखीच्यांकडे मूळ एलपीचं पाकीट हातात आलं तेव्हा. १९६७ चं ध्वनिमुद्रण. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. मी तर इतकी वर्षं ती गिटार कुठलं तरी वेगळंच वाद्य समजत होते! त्याहून मोठी गंमत म्हणजे त्यात काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस आहे. पहाटे अहिरभैरव आणि नटभैरव, मग पिलू, सांज झाली की भूप, पुढे देस आणि शेवटी पहाडी. मी मात्र रात्री अकराला अकाउंटन्सीची जर्नल एन्ट्री करताना तो मेंढपाळ कसाही, कुठूनही सुरू करत होते. बाजू ‘बी’ आधी, बाजू ‘ए’ नंतर. म्हणजे तो बिचारा संध्याकाळी घरी येऊन मग सकाळी उठायचा.

(या तबकडीमागचा माणूस आपला होता, हे जाता जाता सांगते. एचएमव्हीत तिची जुळणी केली ती गो. ना. जोशींनी. ‘रानारानांत गेली बाई शीळ’ गाणारे तेच. माझी आई ती ‘शीळ’ गुणगुणायची आणि मामाची कॅसेट शेजारच्या खोलीत वाजायची. दोन्हींच्या मागे एकच माणूस, हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं.)

आता तू म्हणशील, ताई समजूत काढतायत. तसं नाही. उशिराने काही गोष्टी खरोखरच जातात, आणि त्या जात नाहीत असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. किशोरी आमोणकर २०१७ च्या एप्रिलमध्ये गेल्या. त्याआधीची कितीतरी वर्षं मी त्यांच्याच शहरात राहत होते. हिवाळा आला की कुठे ना कुठे त्यांचं गाणं असायचं, आणि दर वर्षी मुलाची परीक्षा, नाहीतर मार्चअखेरचं काम, नाहीतर ‘पुढच्या वर्षी नक्की’. त्यांचा भूप, ‘सहेला रे’, मी नीट कान देऊन ऐकला तो त्या गेल्यावर. तबकडीवरचं गाणं तसंच्या तसं आहे, माझं काही अडलेलं नाही. पण त्या समोर बसून तंबोरे लावून घेतायत, सभागृह श्वास रोखून बसलंय, हे मला आता कुठल्याच ॲपवर मिळणार नाही. ही चुटपुट खरी आहे आणि ती मी मिटवायचा प्रयत्नही करत नाही.

म्हणून तुझ्या ३४० च्या यादीवर पहिली कात्री अशी चालव: यातले कोण हयात आहेत, आणि त्यातलं कोण नाशिक, पुणे, मुंबईला गायला-वाजवायला येऊ शकतं? ती नावं वर घे. तिकिटं निघाली की काढून टाक, अल्बम ऐकून झाला नसेल तरी चालेल. निक ड्रेक कुठे पळून जात नाही.

दुसरी गोष्ट, वेळेवर ऐकायची शिस्त. ती लावता येते. २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी निघतात. दर शुक्रवारी रात्री कानाला हेडफोन लावून बसलीस तर सोमवारी ऑफिसात तुझ्याकडेही बोलायला काहीतरी असेल. महिनाभर करून बघ, मजा येते. एखाद्या नव्या अल्बमवर सगळ्यांनी एकाच आठवड्यात तुटून पडण्यात गणपतीच्या दिवसांसारखी एक मजा असते, ती मी नाकारणार नाही. पण तुझं पत्र वाचून मला वाटतं की तुला ती शर्यत नको आहे, तुला त्या मुलांच्या गप्पांत जागा हवी आहे. त्यासाठी ताजं काहीतरी ऐकून असण्याची गरज नसते. ‘तुम्ही तीन वर्षांपूर्वी डोक्यावर घेतला होता तो अल्बम मी आत्ता ऐकला, मधलं ते चौथं गाणं तुम्हाला अजून आवडतं का?’ असं एकदा विचारून बघ. विसरलेली आवडती गोष्ट कुणी परत काढली की माणसं पाघळतात. माझ्या अनुभवात तरी दहातली नऊ.

काही जण उलटं टोक गाठतात. ‘मी मुद्दाम पाच वर्षं थांबतो, काळाच्या चाळणीतून जे वर उरतं तेच ऐकतो,’ असं एक वाचक मला मागे लिहून गेले. ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं, पण मला काही ते पटत नाही. काळाची चाळणी आपल्या पिठाच्या चाळणीइतकी प्रामाणिक नसते. चरणजीत सिंग यांचंच बघ. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आयुष्यभर वाजवणारे मुंबईचे वादक. १९८२ साली त्यांनी जपानी बनावटीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेतली आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. भैरवी, ललत, तोडी, मेघमल्हार, मालकंस, सगळे. तबकडी निघाली आणि पडली. त्या वाद्यांपैकी एक, रोलँडचं टीबी-३०३, गिटारवाल्यांना सरावाला खर्जाची साथ मिळावी म्हणून बनवलेलं. तेही पडलं, १९८४ पर्यंत कंपनीने बंदच केलं. मग शिकागोतल्या पोरांनी तीच यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात उचलली, त्यांचे कान पिळले आणि १९८७ साली ‘ॲसिड हाउस’ नावाचा नृत्यसंगीताचा नवा प्रकार जन्माला आला. इकडे आपल्या मुंबईकराने जवळपास तसलाच आवाज पाच वर्षं आधी काढून ठेवलेला, आणि त्याचा पत्ता त्या पोरांनाही नव्हता. काळाने तो कधीच चाळून खाली टाकला होता. एका डच संग्राहकाच्या हाती ती तबकडी लागली, २०१० साली ती पुन्हा निघाली आणि चरणजीतजी सत्तरी ओलांडल्यावर युरोपातल्या मंचांवर ते राग वाजवायला उभे राहिले. २०१५ साली ते गेले. मधली पाच वर्षं त्यांना मिळाली ती उशिरा ऐकणाऱ्यांमुळे.

तेव्हा नुसतं थांबून चालत नाही. कुणीतरी दिवाण उघडावा लागतो.

यादीबद्दल आणखी थोडं. ती पुसून टाक असं मी म्हणणार नाही, कारण पुसलीस तर पुढच्या महिन्यात पुन्हा करशील. बँकेत बसून तू दिवसभर थकबाकी बघतेस आणि घरी येऊन गाण्यांचीही थकबाकी काढलीस! त्या ३४० तले बारा एका कागदावर उतरव, हाताने, आणि कागद फ्रिजवर लाव. बाकी फाइल बंद. बारा निवडताना एकच कसोटी: हे नाव मला कुणी सांगितलं, तो माणूस आठवतो का? ‘वर्षातले सर्वोत्तम पन्नास’ छापाच्या याद्यांतून उचललेली नावं आपोआप गळतील. कुणाचाच चेहरा समोर येत नसेल, तर त्या अल्बमची वाट बघण्यासारखं तुझ्याकडे काही नाही. असेल नशिबात तर तो पुन्हा कानावर पडेलच.

ऐकायचं कसं, हे तू विचारलं नाहीस. पण हे सदर तुझ्यासारखे आणखीही लोक वाचतात आणि त्यांच्या पत्रांत हाच घोळ असतो, म्हणून सांगते. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, आहे त्या क्रमाने ऐकायचा. फोनमधलं ते ‘शफल’ बंद. अल्बम संपल्यावर ॲप आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावतं, तेही बंद. शेवटच्या सुरानंतर जी मिनिटभर शांतता पडते ती अल्बममध्येच धरायची. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांत संपायची आणि उठून तबकडी उलटावी लागायची. तो उठण्याचा क्षण वादकांनी हिशेबात धरलेला असे. तुझ्या ‘पिंक मून’मध्येच बघ, सहाव्या गाण्यापाशी पहिली बाजू संपते. तिथे थांब, गॅसवरचं काय ते बघून ये, मग सातवं लाव. त्या सातव्यात अर्धा वेळ नुसतं गुणगुणणं आहे आणि शब्द जेमतेम चार ओळींचे. सलग ऐकताना ते हातून निसटतं. नवी बाजू सुरू झाली म्हणून ऐकलं तर अंगावर येतं. आणि शेवटचं गाणं सोडू नकोस. त्यातली एक ओळ त्याच्या गावी, त्याच्या थडग्यावर कोरलेली आहे. कुठली, ते आधी शोधू नकोस. ऐकताना तुझं तुलाच कळतं का बघ.

जुने अल्बम ऐकताना आणखी एक फसगत होते. पुन्हा काढलेल्या आवृत्त्यांत शेवटी जादा तुकडे जोडलेले असतात. ‘कॉल ऑफ द व्हॅली’च्या सीडीवरही ते आहेत. पहाडी संपली, दिवस मावळला, मेंढपाळ झोपला, आणि वर पुन्हा वाजंत्री सुरू! पहिल्या तीन वेळा तरी मूळ शेवटाशी थांबावं. जादा माल नंतर, चवीपुरता.

पुढचा अल्बम कसा सापडतो, तर मागे कोण वाजवतंय ते वाचून. याद्यांपेक्षा हा रस्ता मला कितीतरी खात्रीचा वाटत आला आहे. काबरांची गिटार आवडली तर ते अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, तिथून सरोदकडे वळता येतं. निक ड्रेकच्या पहिल्या अल्बमचा निर्माता जो बॉइड. त्यानेच १९७० साली वाष्टी बन्यन नावाच्या मुलीचा ‘जस्ट अनदर डायमंड डे’ काढला, आणि त्यातल्या काही गाण्यांची वाद्यरचना ड्रेकच्याच मित्राने, रॉबर्ट कर्बीने केली. ती तबकडीही कुणी विचारली नाही. बाई गाणं सोडून खेड्यात मुलं वाढवायला निघून गेली. २००० साली अल्बम पुन्हा निघाला, नव्या पिढीच्या गायकांनी तिला शोधून काढलं आणि २००५ साली, ३५ वर्षांनी, तिचा दुसरा अल्बम आला. या दोन अल्बमांच्या मधे तिचा एकही नाही. पहिला आज ऐक, दुसरा पुढच्या आठवड्यात. आवाजाचं वय वाढलंय आणि लाजरेपणा तसाच आहे, हे लगेच कानाला कळतं. १९७० साली वेळेवर ऐकणाऱ्याला हे दोन्ही एका महिन्यात ऐकायला मिळालं नसतं.

आता दादा. तू दादाला शिष्ट म्हणतेस, आणि होता असेलही. विशी-तिशीतल्या मुलांना आवडलेल्या गोष्टीबद्दल साधं बोलताच येत नाही, ‘तुला नाही कळायचं’ असं कुंपण घालूनच ती पुढे करतात. पण २०११ साली त्याने बसून सात फोल्डर केले, नावं घातली, क्रम लावला आणि पहिला ‘पिंक मून’ ठेवला. नुसतं मिरवायचं असतं तर कुठलाही पुढे टाकला असता. तू मुद्दाम ऐकला नाहीस, हे त्याला तेव्हाच कळलं असणार. मावसभावंडांना कळतं. चौदा वर्षांत त्यानेही कधी विचारलं नाही, कारण विचारून ‘नाही रे, राहिलंच’ असं ऐकायला कुणालाच आवडत नाही. तुझी चुटपुट मला अल्बमपेक्षा याचीच जास्त वाटते.

त्याला लिही. लांबलचक नको, माफी तर मुळीच नको. पेन ड्राइव्ह सापडल्याचं लिही, मेथीचं लिही, आणि कुठल्या गाण्याला हात थांबला ते लिही. ‘आत्ता ऐकलंस?’ असं उत्तर आलं तर ‘हो, आणि तू १९७२ साली कुठे होतास?’ म्हणून विचार. जन्माला तरी आला होता का?

आणि उरलेले सहा फोल्डर अजून उघडू नकोस. पुढचा कुठला लावू, ते त्यालाच विचार. तिकडे रात्र असेल, उत्तर यायला वेळ लागेल.